बारा टेबलं आणि माझे सरळ केस

आधीच सांगून ठेवते, चूक माझी नव्हती. आमचे मालक काय वाट्टेल ते सांगोत, पॉलिशकाका शपथेवर सांगोत, मी फक्त केस सरळ केले होते. माझे. माझ्याच डोक्यावरचे. त्यासाठी कारखान्याची परवानगी काढावी लागते, हे नऊ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि केले होते तेही असे झकास की विचारू नका! पण ते पुढे येईलच.

मी एका फर्निचरच्या कारखान्यात ऑर्डरी बघते. पुढे शोरूम, मागे वर्कशॉप आणि मधल्या बोळात माझं टेबल. शोरूमच्या प्रमुख बाई निवृत्त झाल्या आणि ती जागा रिकामी झाली. त्या जागेवर हक्क कुणाचा? माझाच ना? कुठलं लाकूड कशाला, कुठलं पॉलिश किती दिवस टिकतं, गिऱ्हाईक 'बघून सांगतो' म्हणतं तेव्हा त्याच्या मनात काय असतं, सगळं मला तोंडपाठ. मी सरळ मालकांच्या केबिनमध्ये जाऊन जागा मागितली.

मालक म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही, बाई. पण शोरूममध्ये माणूस कसा गुळगुळीत दिसायला हवा."

"टेबलासारखा?"

"तसंच काहीसं," असं म्हणताना त्यांची नजर माझ्या कपाळावरून वर गेली ती तिथेच अडकून बसली.

आता माझे केस कुरळे आहेत, हे मी नाकारत नाही. माझ्या केसांत कंगवा शिरला की तो सुखरूप बाहेर येईपर्यंत घरचे काळजीत असतात. पण मला ते आवडतात. माझ्या आईचे तसेच होते. दुसरी उमेदवार होती मालकांची भाची. तिचे केस इतके सरळ की रिबीनसुद्धा घसरून खाली येते. कामाचं म्हणाल तर तिला सागवान आणि प्लायवूड यांतला फरक किमतीचं लेबल वाचून कळतो.

मालकांनी परीक्षाही ठरवून टाकली. गुरुवारी दुपारी तीन वाजता एक हॉटेलवाले साहेब त्यांची बारा जेवणाची टेबलं बघायला येणार होते. मी त्यांना सांभाळायचं. ते खूश झाले आणि मी 'नीटनेटकी' दिसले, तर जागा माझी.

घरी येऊन मी जाहीर केलं, "मला गुरुवारपुरते सरळ केस हवेत. केमिकल लावणार नाही. शुक्रवारी पाणी लागलं की माझे केस मला परत मिळाले पाहिजेत."

घरात तीन माणसं आणि उपाय तीन. नवरा वायरमन आहे. तो म्हणाला, "सोपं आहे. वायर सरळ करायची तर ताणून बांधायची." त्याने माझ्या ओल्या केसांच्या सहा बटा केल्या आणि प्रत्येकीला वरपासून खालपर्यंत दोन-दोन बोटांवर रबर बांधले. दुसऱ्या दिवशी सोडले तर केस सरळ झाले होते, खोटं कशाला बोलू. पण दर दोन बोटांवर एकेक गाठ उमटली होती. सासूबाईंनी चष्मा लावून निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "बांबूचं बेट दिसतंय गं."

मग सासूबाईंचा उपाय. त्यांच्या मते केस ताणायचे नसतात, मोठ्या गोल वस्तूवर गुंडाळायचे असतात. पावडरचे रिकामे डबे त्या 'लागतील कधीतरी' म्हणून वीस वर्षं साठवून ठेवतात, ते अखेर कामी आले. डोक्यावर आठ डबे बांधून मी दिवसभर मान ताठ ठेवून घरात हिंडले. कुरियरवाल्याने सही घेताना माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, इतका तो सभ्य. डबे सोडले तेव्हा कळलं की आठांतला एक रिकामा नव्हता. मी दोनदा डोकं धुतलं, तरी तिसऱ्या दिवशीही माझ्या मानेवर पावडर सापडत होती.

शेवटी बुधवारी नणंदबाईंना शरण गेले. त्या पार्लरमध्ये कामाला आहेत. "वहिनी, हे दोन उद्योग करण्याआधी मला विचारायला काय झालं होतं?" म्हणून त्यांनी आधी माझा उद्धार केला, मग केसांचा. धुतले, जाड ब्रशला ताण देत ड्रायरने वाळवले, सीरम चोपडलं आणि मग बोटभर बट घेऊन एकेक बट इस्त्रीच्या चिमट्यातून काढली. तीन तास! माझा चहा दोनदा गार झाला. मी मान हलवली की चिमटा कानाजवळ यायचा आणि त्या म्हणायच्या, "कान हवाय ना, वहिनी? मग बसा गप्प."

पण आरशात बघितलं आणि मीच मला ओळखलं नाही. एरवी खांद्यावर थबकणारे माझे केस कमरेपर्यंत आले होते. सासूबाई माझ्याभोवती एक चक्कर मारून आल्या आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाल्या, "एवढे केस होते तुझ्याकडे? आणि लग्नाला तेरा वर्षं झाली तरी आम्हाला पत्ता नाही?" जणू मी ते माहेरच्या कपाटात लपवून ठेवले होते.

नणंदबाईंनी बजावलं, "पाणी नको, घाम नको, वाफ नको. थेंब पडला की खेळ खलास."

आणि गुरुवार उजाडला तो असा दमट की भिंतीला हात लावला तर ओला व्हावा. मी हार मानली नाही. वर आणखी सीरम, त्यावर रुमाल, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, असं मुसक्या बांधून मी रिक्षाने कारखान्यात पोचले. मागच्या दाराशी पिशवी काढली, रुमाल काढला, मान झटकली आणि वर्कशॉपमधून चालत निघाले.

पॉलिशकाका म्हणजे आमचे मुख्य पॉलिशवाले. पाठ केलेलं एकच वाक्य रोज सकाळी मला म्हणतात, "या बाई, कशा आहात?" आणि उत्तर ऐकायच्या आधी माझ्याकडे टक लावून बघतात. मायेने बघतात, असं मी नऊ वर्षं समजत होते. त्या दिवशी ते बघतच राहिले. हातातला फडका खाली ठेवला. "वा," ते म्हणाले, "असा दिवस तर मी आयुष्यात पाहिला नाही." मग मागे वळून त्यांनी आपल्या माणसांना हाक दिली, "घ्या रे, सगळी बारा बाहेर घ्या. आज थांबायचं कारण नाही."

मला काय ठाऊक? मी आपली लाजले. हो, लाजले! टेबलापाशी जाऊन फोनच्या काचेत स्वतःला आणखी दोनदा पाहून घेतलं.

साडेबारा वाजता वर्कशॉपमधून मालकांचा आवाज आला. तो शब्द मी लिहीत नाही. मी धावत गेले. बाराच्या बारा टेबलांवर पांढरं साचलं होतं. खालचं सुंदर तपकिरी लाकूड दुधात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं. आमच्या धंद्यातलं लहान पोरही सांगेल, दमट हवेत लॅकर, म्हणजे वरचं चकचकीत पॉलिश, मारलं की ओल आत अडकते आणि ते पांढरं पडतं. म्हणून अशा दिवशी स्प्रेला हात लावायचा नसतो.

मालक ओरडले, "काका, आज भिंतींना घाम फुटलाय. तुम्ही स्प्रे मारलातच कसा?"

काका रडवेले झाले होते. "भिंतीचं मला कळत नाही, साहेब. मी बाईंचे केस बघून मारला."

मला वाटलं, धक्क्याने त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला.

"भिंतीवर हवेचं मीटर लावलंय ते कशाला?" मालकांनी विचारलं.

"ते चार वर्षं बंद आहे. आणि चालू होतं तेव्हाही बाईंइतकं बरोबर नव्हतं." काका हळूहळू सगळं बोलून गेले. बाईंचे केस खांद्यावर, तर हवा कोरडी, बिनधास्त मारा. केस हनुवटीशी, तर नुसता पॉलिशपेपर घासा. केस कानांच्या वर फुगले, तर डबे बंद करून खुर्च्यांचे खिळे ठोकत बसा. "आणि आज साहेब, केस कमरेपर्यंत! मी म्हटलं, वाळवंट आहे बाहेर."

मी सगळ्यांकडे पाहिलं. सुतार जमिनीकडे बघत होते. पेपर घासणारे दोघं एकमेकांकडे बघत होते. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! नऊ वर्षं ही माणसं मला 'कशा आहात' विचारत होती आणि मी मनापासून उत्तर देत होते. एकदा सर्दीबद्दल पाच मिनिटं सांगितलं होतं. आणि ह्यांचं लक्ष माझ्या झिपऱ्या कुठवर आल्यात याच्याकडे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या सीरमने ती कशी भडकली नाही कोण जाणे.

"मी माणूस आहे, काका," मी म्हटलं. "दाराला लावलेलं यंत्र नाही."

"म्हणूनच तर विश्वास ठेवला, बाई," काका म्हणाले, आणि हे ते इतक्या खरेपणाने म्हणाले की मला आणखीच राग आला.

तीन वाजता साहेब येणार. टेबलं वाचवायची एकच वाट होती. सगळी खिडक्या-दारं लावायची, हीटर पेटवायचे, खोली कोरडी करायची आणि मग सावकाश वाळणाऱ्या थिनरचा पातळ हात मारायचा. मग अडकलेली ओल निघून जाते. पण खोली पुरेशी कोरडी झाली हे कळायचं कसं? घाई केली तर टेबलं दुसऱ्यांदा पांढरी.

आणि मग एकेक करून सगळ्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं.

"बाई," मालक म्हणाले, "केस धुवा."

"मी तीन तास चिमट्यात बसले आहे. तुम्हीच म्हणालात गुळगुळीत दिसा म्हणून."

"म्हणालो. आता धुवा. हात जोडतो."

त्यांनी खरंच हात जोडले. आणि ती टेबलं मीच ठरवली होती, माप मीच घेतलं होतं, लाकूड मीच निवडून दिलं होतं. ती बारा पांढरी तोंडं मला बघवेनात. मी चरफडत मागच्या नळाखाली वाकले. एका बादलीत तीन तास वाहून गेले.

ओले केस काही सांगत नाहीत, म्हणून ते झटपट वाळवायला हवे होते. ड्रायर कुठून आणणार? काकांनी स्प्रेचा पाइप आणला, नुसती हवा सोडलेला. मी तीनदा विचारलं, "त्यात लॅकर नाही ना?" तीनदा ते म्हणाले, "नाही." तरी मी डोळे मिटूनच बसले. वाळता वाळता केस असे उसळून वर आले की मागचा सुतार 'बापरे' म्हणाला.

मग त्या हीटर लावलेल्या खोलीच्या मधोमध मला स्टुलावर बसवलं. समोर काका थिनर भरून तयार, भोवती सात माणसं, सगळ्यांचे डोळे माझ्या कानांवर. "आलं का खाली?" "अजून नाही." "डावीकडचं आलंय." "डावीकडे हीटर आहे, ते धरू नका." मी हलले तरी ओरडायचे! पावणेतीनला केस हनुवटीखाली आले. आणखी पाच मिनिटांनी खांद्यावर टेकले आणि काकांनी पहिला हात मारला. आमच्या डोळ्यांदेखत पांढरं विरघळत गेलं आणि लाकूड वर आलं. मला खरं सांगायचं तर रडू आलं.

आणि तेवढ्यात दारात हॉटेलवाले साहेब.

ते तीनऐवजी दहा मिनिटं आधी आले होते. त्यांनी स्टुलावरची मी पाहिली, माझ्याभोवतीची माणसं पाहिली. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

माझा पारा आधीच चढलेला. मी उभी राहिले आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. हवा कशी असते, ओल कशी अडकते, आमच्याकडून आज काय चुकलं, ते आम्ही कसं सुधारतोय आणि पूर्ण वाळल्याशिवाय ही टेबलं का मिळणार नाहीत, सगळं. "सोमवारच्या आत मागितलीत तर मी देणार नाही," असंही म्हणाले. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतं.

साहेबांनी एका टेबलावर वाकून बघितलं. मग म्हणाले, "चूक आपणहून सांगणारा दुकानदार मी आज पहिल्यांदा बघतोय. खुर्च्याही तुम्हीच करा. अठ्ठेचाळीस. आणि त्यांचं बोलणं मी ह्या बाईंशीच करीन."

ते गेल्यावर मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. बसलेसुद्धा नाही. "कधीपासून जाऊ शोरूममध्ये?"

मालकांनी पेपरवेट फिरवला. "बाई, आजचं काम तुमच्याशिवाय कुणाला जमलं नसतं."

"मग?"

"म्हणूनच तुम्हाला तिकडे पाठवता येत नाही. भाची जाईल. शोरूममध्ये एसी असतो हो. दिवसभर एसीत बसून तुमच्या केसांना बाहेरचं काय कळणार?"

मी त्यांना काय काय सुनावलं ते सांगत बसत नाही. मीटर दुरुस्त करा म्हटलं, राजीनामा देते म्हटलं, कागदही ओढला. तारीख लिहिली. 'महोदय' लिहिलं. आणि पुढचा शब्द लिहिणार तोच काकांनी दारातून डोकं घातलं.

"बाई, शेवटचा हात मारून टाकू का आत्ता?"

सांगायला लाज वाटते, पण माझा हात आपोआप केसांकडे गेला. मी एक बट दोन बोटांत धरून पाहिली.

"अर्धा तास थांबा," मी म्हटलं.