फ्रिजला हाक मारल्याशिवाय जेवायचं नाही

ग्रुपवर सगळ्यांनी अंगठ्याचं चित्र टाकलं, तेव्हा मीही मुकाट्यानं अंगठाच टाकायला हवा होता. मी वाक्य लिहिलं. पुढचं सगळं त्या एका वाक्यानं केलं.

माझी मुलगी केया आणि तिचा एड्रियन यांचं लग्न ठरलं, तेव्हा त्याच्या वडिलांनी हा ग्रुप काढला. त्यात एड्रियन सोडून त्यांच्याकडचे अकरा जण, आणि आमच्याकडून केया नि मी. एड्रियनची मंडळी पेरानाकान. म्हणजे कित्येक पिढ्यांपूर्वी चीनमधून मलाक्का-सिंगापूरकडे आली आणि तिथलीच होऊन गेली. बोली नि स्वयंपाक मलय वळणाचा, नात्यांची शिस्त चिनी वळणाची, आणि आता मुक्काम ओहायोतल्या डब्लिनला. (मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉयहून साडेतीन तास. मी ड्राइव्ह करत असलो तर साडेचार.) एके दिवशी एड्रियनच्या आजींनी ग्रुपवर लिहिलं, की आमच्यात प्रत्येक नात्याला वेगळी हाक असते, पण हल्लीची पोरं सगळ्यांना आंटी नि अंकल करून मोकळी होतात. त्यावर बाकीच्यांचे अंगठे आले. मी लिहिलं, की आजी, मी सगळ्या हाका शिकतो, साखरपुड्याच्या जेवणाला एकही चुकणार नाही.

तीन मिनिटांत केयाचा फोन आला.

"बाबा, व्हाय? दे आर ऑल आंट्स. जस्ट से हाय."

मी तिला समजावलं, की आत्या वेगळी, मावशी वेगळी, मामी वेगळी. तिला स्वतःला या तिन्ही आहेत, पण तिच्या लेखी त्या व्हिडिओ कॉलवर एकाच चौकटीत दाटीनं बसून "किती वाळलीस गं" म्हणणाऱ्या तीन बायका. तिनं उसासा टाकून फोन ठेवला.

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. माझी बायको पद्मिनी जाऊन मार्चमध्ये तीन वर्षं झाली. तेव्हापासून या चार बेडरूमच्या घरात मला हाक मारणारं कुणी नाही. ऑफिसात मी 'प्रा' आहे. (प्रसन्न हे नाव माझ्या मॅनेजरला पुरतं झेपत नाही, तो अर्ध्यावर सोडून मीटिंग सुरू करतो.) फार्मसीत मी जन्मतारीख आहे, तिथे आधी तीच विचारतात. 'अहो' म्हणणारी गेली आणि 'बाबा' म्हणणारी वेगळी राहत होतीच, आता थेट डब्लिनला जाणार होती. त्या अकरा जणांनी मला आपलं म्हटलं नाही, तर मला नात्यानं ओळखणारं या देशात कुणी उरणार नव्हतं. हे असलं मुलीला फोनवर कसं सांगणार? म्हणून मी तिला 'कल्चर' वगैरे सांगितलं.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला आजींचा फोन आला. वय अठ्ठ्याऐंशी, आवाज पोस्टातल्या हेडक्लार्कचा. पहिल्याच धड्याला मी आडवा झालो, कारण त्यांच्यात आजीला मामा म्हणतात. वडिलांचा थोरला भाऊ तुआ पेक, वडिलांची बहीण को, आईची थोरली बहीण तुआ ई, आईचा भाऊ कू आणि त्याची बायको किम. थोरल्या चुलत-मावस भावंडांनाही सोडलेलं नाही, भाऊ असला तर हिया, बहीण असली तर ताची. शिवाय नियम असा, की जेवायला बसल्यावर लहानांनी मोठ्यांना मानाच्या क्रमानं एकेक हाक मारायची, 'माकान' म्हणजे जेवा म्हणायचं, मोठ्यानं मान हलवली की पुढची हाक. सगळ्या हाका होईपर्यंत घास घ्यायचा नाही. मी विचारलं, तोवर जेवण गार होत असेल? आजी म्हणाल्या, की म्हणून तर आमची माणसं भराभर पाठ करतात.

आता मी पडलो आयटीतला माणूस. सिस्टीम लावल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही. ग्रुपवर त्यांच्या नव्या वर्षाच्या जेवणाचा एक फोटो होता, एड्रियननं काढलेला. लांब टेबल आणि भोवती अकरा जण. मी पिवळ्या चिठ्ठ्या आणल्या आणि फोटोत जो जिथे बसलाय, त्याप्रमाणे स्वयंपाकघरात चिकटवल्या. टेबलाच्या टोकाला आजी होत्या, तिथे माझा फ्रिज येत होता. (पांढरा, शांत, आणि घराचं पोट त्याच्याच भरवशावर.) त्यांच्या उजव्या हाताला डिशवॉशर, म्हणजे तुआ पेक. मायक्रोवेव्ह को, टोस्टर किम. कपाटाचं मोडकं दार हिया, कारण फोटोतही तो जरा कललेला होता. रोज संध्याकाळी साडेसहाला ताट वाढून घ्यायचं, हात जोडायचे आणि फ्रिजपासून सुरुवात करायची, "मामा, माकान." फ्रिजला मान हलवता येत नाही, म्हणून मी त्याचं दार उघडून मिटायचो. आत दिवा लागला, की होकार.

खोटं कशाला सांगू, मला ते आवडायला लागलं. पद्मिनी गेल्यापासून मी सिंकपाशी उभ्यानं, डब्यातूनच खायचो. आता रीतसर वरणभात लावायला लागलो. तुआ पेकसमोर परवाची खिचडी काढायची लाज वाटायची. एकदा तर पापडही तळले. अकरा हाका मारून झाल्या की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. बाराव्या हाकेची सवय मात्र जात नव्हती. उजवीकडची खुर्ची पद्मिनीची, तिला चिठ्ठी नव्हती. तिच्याकडे बघून मी नुसताच "बसू का?" म्हणायचो.

चौथ्या आठवड्यात बेल वाजली. दारात पोलीस. शेजारच्या मिसेस कोवाल्स्कींनी खिडकीतून मला ओळीनं सात दिवस डिशवॉशरला नमस्कार करताना पाहिलं होतं आणि काळजीनं फोन केला होता. (इथे याला वेलनेस चेक म्हणतात. आमच्याकडे शेजारी थेट आत आले असते आणि पापड खाऊन गेले असते.)

"सर, घरात कोण कोण आहे?" त्यानं विचारलं.

मी सवयीनं म्हणालो, "अकरा जण. आणि मी."

त्यानं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. "कुठे आहेत?"

"किचनमध्ये. आजी म्हणजे तो फ्रिज. ते मोडकं दार आहे ना, तो थोरला भाऊ."

पोलिसानं चिठ्ठ्या वाचल्या. मी लग्न, डब्लिन, मलाक्का असं सगळं उलट्या क्रमानं समजावून सांगितलं. तो भला माणूस होता. निघताना त्यानं एवढंच विचारलं, की या टेबलावर खरी माणसं शेवटची कधी जेवली? मी आठवायला लागलो आणि आठवत नाही हे माझ्या लक्षात आलं. मला एकदम फार एकटं वाटलं. तो म्हणाला, "टेक केअर, सर," आणि जाताना, देवाशपथ, फ्रिजकडे बघून त्यानं टोपीला हात लावला.

साखरपुड्याच्या दिवशी मी पावणेपाच तासांत डब्लिनला पोचलो. टेबल तेच, फोटोतलं. केया नि एड्रियन माझ्या दोन बाजूंना. काळ्या मसाल्यातल्या चिकनचा वास सुटला होता आणि सगळे बसले होते. मी उठलो, हात जोडले, घाबरून डोळे मिटले. डोळे मिटले की मला माझं स्वयंपाकघर स्वच्छ दिसतं. टेबलाच्या टोकाकडे मान वळवून मी खणखणीत आवाजात म्हणालो, "मामा, माकान."

डोळे उघडले तर टोकाला दाढीवाला, दोन माणसांएवढा रुंद तरुण. मी त्याला आजी म्हटलं होतं. त्या दिवशी आजींना गार वारा लागत होता म्हणून त्या हीटरजवळ जाऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्यामागोमाग सगळं टेबलच एकेक जागा सरकलं होतं. माझा मेंदू मात्र फ्रिज, डिशवॉशर, मायक्रोवेव्ह याच क्रमानं पुढे निघाला होता आणि त्याला ब्रेक नव्हता. एका मुलीला मी वडिलांचा थोरला भाऊ केलं. एड्रियनच्या वडिलांना आत्या केलं. कॉलेजातल्या एका पोराला मामी म्हटलं आणि त्यानं घाबरून मान हलवली. अकरापैकी एकही नातं जागेवर पडलं नाही. केयानं तोंडावर नॅपकिन धरला होता. सहा आठवडे ज्यासाठी घासले, ते सगळं दीड मिनिटात बुडवून मी उभा होतो.

तेव्हा एड्रियनचे वडील उठले. म्हणाले, की आमच्यात हाका लहानांनी मोठ्यांना मारायच्या असतात, आणि या टेबलावर आजींनंतर वयानं तुम्हीच मोठे आहात. तुम्हाला आजी सोडून कुणालाच हाक मारायची नव्हती. हाका आम्ही मारायच्या.

मी आजींकडे बघितलं. त्या भाताकडे बघत होत्या.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," आजी म्हणाल्या. "सांगितलं असतं, तर रविवारी दहाला मी कुणाशी बोलले असते? ही सगळी मला नुसतं हाय करून जातात."

मग एड्रियनचे वडील माझ्याकडे वळून, एकेक अक्षर जपून टाकत म्हणाले, "व्याही, माकान." त्यांच्यामागून सगळे, मानाच्या क्रमानं. "प्रसन्नकाका, माकान." कुणाचा प्रसन्न अडखळला, कुणाचा काका लांबला, पण अर्ध्यात कुणी सोडला नाही. दाढीवालाही म्हणाला. शिकवलं कुणी, तर केयानं, सहा आठवडे, मला पत्ता न लागू देता. ती सगळ्यांत लहान, म्हणून शेवटी.

"बाबा, माकान," ती म्हणाली. "आईनं सांगितलं असतं तसं, नीट बसून जेवा."

मला रडू आलं. (आजींनी ते तिखटावर ढकललं. मी अजून घासही घेतला नव्हता.) प्रत्येक हाकेला मोठ्यानं मान हलवायची असते, म्हणून मी हलवत राहिलो. जेवण गार झालं. मान दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होती.

घरी येऊन मी चिठ्ठ्या काढल्या, फ्रिजची तेवढी ठेवली. रविवारी दहाला फोन वाजला. आजी म्हणाल्या, की आता माझी पाळी, तुमच्याकडची नाती शिकव. त्यांनी माझीच सिस्टीम उचलली आणि त्यांच्या स्वयंपाकघरात चिठ्ठ्या लागल्या. माझी आत्या, माझे मेव्हणे, पुण्यातली अख्खी मंडळी आता डब्लिनमध्ये भांड्याकुंड्यांवर नांदतात, याचा मला केवढा अभिमान वाटला. माझी चिठ्ठी कशावर असेल, हे मात्र विचारायचा धीर होत नव्हता. मनातून मला राइस कुकरची आशा होती. पद्मिनीचं नाव त्यांनी खिडकीतल्या तुळशीला दिलंय, हे कळल्यावर तर ती आशा फारच वाढली.

शेवटी केयाला विचारलं. तिनं फोटो पाठवला. छताला स्मोक अलार्म आणि त्यावर पिवळी चिठ्ठी.

"आजी म्हणतात, तो वर एकटाच असतो आणि काही जळत नसलं तरी वाजत राहतो," केया म्हणाली.

मला ते जरा लागलं, पण विचार केल्यावर पटलं. घरातल्या सगळ्यांवर लक्ष ठेवणारी वस्तू आहे, मान उंचावरचा आहे. मी म्हटलं, असू दे, निदान माझी बॅटरी तरी वेळेवर बदलत जा म्हणावं.

"बाबा, बॅटरी त्या काढून ठेवतात," केया म्हणाली. "फक्त रविवारी दहा ते अकरा घालतात."