पासपोर्टाला माळकरी साक्षीदार

या, असे पुढे सरकून बसा. मृदंगाला कणीक लावणं चाललंय, कीर्तन उभं राहायला अजून वेळ आहे. तोवर मुरबाडकडच्या कमळाबाईंची गोष्ट सांगतो. पोट धरून हसाल आणि हसता हसता हातही जोडाल!

कमळाबाईंची लेक मनाली मस्कतला. पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले, आणि आईकडे पासपोर्टच नाही! अर्जात ओळख सांगणारी गावातली दोन माणसं हवी होती. एक समोरची राही ठरली. दुसऱ्या नावावरून घरात वाद पेटला.

"सरपंचांचं घालू," नवरा जयराम म्हणाला.

"नको. त्ये सगळ्यांनाच चांगलं म्हनतात. पोलिसांना खरा मानूस लागतो. शेजारच्या भिमाबुवांचं घाला. गळ्यात तुळशीची माळ हाय. माळ घातल्यापासून एक शब्द खोटा नाय बोलले."

जयरामलाही पटलं. माळकऱ्याची साक्ष म्हणजे देवाचीच सही!

काही दिवसांनी हवालदार चौकशीला आले. राहीने "लय चांगली बाई" म्हणत झटक्यात सही केली. मग भिमाबुवा पडवीत येऊन बसले.

"बाईंना कधीपासून ओळखता?"

"नवरी होऊन आल्या तवापासून."

"वागणूक कशी आहे?"

बुवांनी माळेला हात लावला, डोळे मिटले. "खरं सांगू?"

"सांगा की," हवालदार म्हणाले.

"माझ्या मांडवावरच्या काकड्या चोरतात."

हवालदारांचं पेन थांबलं. आतून कमळाबाई कडाडल्या, "चोरते कुठं? देवाला वाहते!"

"देवाला एक, कोशिंबिरीला चार."

"बरं, भांडणतंटा?"

"सप्त्यात भात करपला म्हनालो, तर पितळेचा झारा घेऊन माझ्यामागं वेशीपर्यंत धावल्या."

"लोखंडाचा होता!" कमळाबाई दारात आल्या. "माळ घालून खोटं नका बोलू, बुवा!"

"अगो, गप बस ना!" जयरामने कपाळावर हात मारला.

"परदेशातून परत येतील ना?"

"नाय सांगता येत. माहेरी चार दिवस म्हनून जातात, नि महिना काढतात."

कमळाबाईंच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "झालं! माझी पोर तिकडं एकटीच बाळंत होनार!"

हवालदारांनी कागद मिटला. "बुवा, एकच सांगा. यांना पाठवावं का?"

"पाठवावं? आजच पाठवा!" बुवा उठून उभेच राहिले. "माझ्या दोन्ही सुनांची बाळंतपनं हिनं काढली, सख्ख्या आईवानी. हिच्या हातात पोर सुखरूप असतं. हेपन खरंच सांगतो, सायेब."

हवालदार हसले. "सगळे साक्षीदार माणूस चांगला म्हणून सांगतात, आणि त्याचं पूर्ण नाव विचारलं की डोकं खाजवतात. खरोखर ओळखणारा आज भेटला!" त्यांनी कागद उघडला आणि खाली झोकात शेरा मारला.

कमळाबाई वेळेवर पोहोचल्या. नात झाली, साखर वाटली गेली!

आता गावातली पोरंही परदेशाचे अर्ज भरतात, पण बुवांचं नाव कुणीच घालत नाही. बुवा बिचारे आधार कार्ड खिशात घालून पडवीत बसतात. "कुनाला साक्ष हवी का रे?" म्हणून विचारतात, की पोरं मागच्या वाटेने पसार!

म्हणून, मायबाप, तुम्हाला कधी साक्षीदार लागला आणि छातीत दम असला, तर आमच्या भिमाबुवांची तेवढी आठवण ठेवा.