तिघांनी मिळून न पाहिलेलं नाटक

"बाबा, रविवारी त्याचे वडील येतायत. त्यांना तुमच्याशी त्या नाटकाबद्दल बोलायचंय," मुलीनं सांगितलं आणि सुतारमास्तरांच्या हातातला रंधा जागच्या जागी थांबला.

"कुठल्या गं?"

"तेच हो, तुम्ही मित्रांबरोबर मोठ्या शहरात जाऊन पाहिलेलं! मी सांगून टाकलंय, आमचे बाबा म्हणजे पक्के नाटकवेडे."

झालं! पंचवीस वर्षं मास्तर ती सहल ऐटीत सांगत आले होते. पहाटेची गाडी, भलंमोठं नाट्यगृह, मखमली खुर्च्या... पण नाटकात काय होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगणार काय, कपाळ? पडदा वर गेला आणि मास्तरांची नजर गेली ती रंगमंचावरच्या डाव्या दारावर. खालची बिजागरी ढिली! येणारा प्रत्येक नट टाचेनं दार लोटायचा आणि ते मेलं पुन्हा उघडायचं. तीन तास मास्तरांचा जीव त्या दारात अडकला होता.

मुलगा चांगला, पोरीनं मनापासून निवडलेला. अशा वेळी बापच थापाड्या निघाला तर? मास्तरांनी चपला चढवल्या आणि तडक शिंपी मित्राचं दुकान गाठलं.

"अरे, ते नाटक आठवतंय का तुला?"

"न आठवायला काय झालं? नायकाच्या कोटाची डावी बाही दोन बोटं लांब होती. माप घेताना डोळे मिटले होते की काय त्या शिवणाऱ्यानं!"

"बाही गेली खड्ड्यात. नायकाचं पुढं काय झालं?"

"दुसऱ्या अंकात त्यानं कोट काढला. मग मी कशाला बघतोय त्याच्याकडे?"

उरला तिसरा मित्र, वायरमन. दोघं त्याच्याकडे धावले. त्याला मात्र सगळं लख्ख आठवत होतं.

"उजवीकडून तिसरा दिवा लुकलुकत होता. जोडणी सैल. मी आपला जीव मुठीत धरून बसलेलो."

"शेवटी कुणी मेलं का रे?"

"छे! शेवटपर्यंत टिकला बिचारा."

दार, बाही आणि दिवा. तिघांनी कितीही डोकं लढवलं तरी त्यातून गोष्ट उभी राहीना. शेवटी शिंप्यानं तोडगा काढला. "तू कमी बोल. नुसतं म्हणायचं, 'वा, काय प्रसंग होता तो!' नाटक म्हटलं की प्रसंग असतोच कुठला तरी."

रविवारी पाहुणे आले. बाजारात घड्याळांचं दुकान चालवणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, चहा आला. पाहुण्यांनी घसा खाकरला. "मग... ते नाटक. योगायोग बघा, मीही पाहिलंय."

मास्तरांनी शिंप्याचं वाक्य पुढे केलं. "वा! काय प्रसंग होता तो!"

"कुठला?"

पडद्याआडून मुलीची पावलं दिसत होती. आणखी एक थाप मारायची मास्तरांना हिंमतच होईना.

"खरं सांगू? मला ओ की ठो ठाऊक नाही. मी फक्त दार बघत होतो." आणि त्यांनी बिजागरीपासून सगळं सांगून टाकलं. "पण यात पोरीची काही चूक नाही हो. तिला वाईट समजू नका."

पाहुण्यांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे कथा तुम्हाला माहीतच नाही?"

"नाही."

"सुटलो बुवा!" पाहुण्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "आमचे चिरंजीव म्हणाले, मुलीचे वडील नाटकवेडे आहेत, त्यांच्या आवडीचा विषय काढा. आठ दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या! अहो, रंगमंचावरच्या भिंतीवर घड्याळ होतं. पडदा दोनदा पडला, दोनदा वर गेला, तरी आपलं सव्वाचार! मी कसली कथा बघतोय?"

मास्तर इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभर मानेवर बसलेलं भूत एकदाचं उतरलं. "व्याहीबुवा, अजून चहा घ्या," त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि पाहुण्यांनीही व्याह्याच्याच हक्कानं कप पुढे केला.

"पण त्या नाटकात होतं तरी काय?" मास्तरांच्या बायकोनं विचारलं.

"लग्न झालं की पोरांना पाठवू एखाद्या प्रयोगाला," पाहुणे म्हणाले. "ती बघून येतील आणि आपल्याला सांगतील."

"ही दोघं?" बायकोनं पडद्याकडे बघत कपाळाला हात लावला. "ती एकमेकांकडेच बघत बसतील. म्हणजे याही खेपेला कळायचं नाही!"