पंधराची पत्ती

"खोटं बोलतंय. छापलेलं हाय, पन खोटं बोलतंय."

हे मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाआडून ऐकलं. बोलत होते तळमजल्यावरचे हिरामणकाका. समोर माणूस कोणी नव्हता. त्यांची जुनी मोटारसायकल होती, सीटवर स्पायरल बाइंडिंगचं जाड पुस्तक उघडं होतं, आणि काकांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली होती.

खांदेश्वरच्या आमच्या इमारतीत हे दृश्य कोणाला नवीन नाही. डॉक्टरांच्या नळीसारखा काकांचा स्क्रूड्रायव्हर सगळीकडे फिरतो. लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप, आमचा फ्रीज, सगळ्यांचं त्यांनी ऐकून घेतलं आहे. एकदा सेक्रेटरी म्हणाले, छातीत धडधडतंय. काका स्क्रूड्रायव्हर घेऊनच उठले. सेक्रेटरी तीन जिने न थांबता चढून गेले, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "पिकअप चांगला हाय. काय झालं नाय त्यांना."

काका मूळचे जासईचे. तिथल्या एका कंटेनर यार्डात त्यांनी आयुष्यभर इंजिनं दुरुस्त केली. गाडीला ते 'बाय' म्हणतात आणि मलाही. त्यामुळे हाक आली की कोणाला आली हे मी आधी बघून घेते.

त्या दिवशी मला होती.

"बाय, तू इंग्लिश शाळेतली ना? वाच हे. मोठ्यानं."

पुस्तक त्यांच्या मुलाने पाठवलं होतं. प्रशांतदादा जहाजावर इंजिनिअर आहे, सहा-सात महिने घरी नसतो. पहिल्या पानावर त्याने लिहिलं होतं, 'पप्पा, आता अंदाजाने नको. पुस्तकाप्रमाणे करा.' रविवारी तो सुट्टीवर येणार होता आणि फोनवर त्याने स्पष्ट सांगितलं होतं, गाडी नीट चालली तर ठेवू, नाहीतर भंगारात देऊ. काकांचे हात हल्ली थरथरतात. हायवेवर गाडी मध्येच बंद पडली तर काय, ही त्याची काळजी.

अडलं होतं टॅपेटपाशी. इंजिनात हवा आत घेणारा एक व्हॉल्व्ह असतो आणि धूर बाहेर सोडणारा एक. दोन्हींच्या डोक्यावर केसाएवढी फट ठेवतात आणि ती पोलादाच्या पातळ पत्त्या सरकवून मोजतात; यालाच टॅपेट लावणं म्हणतात, आणि आकडा मोठा तशी पत्ती जाड. हे सगळं मला त्याच दिवशी कळलं. पुस्तकात हवेच्या बाजूला पंधराची पत्ती आणि धुराच्या बाजूला दहाची, असं होतं.

"उलटं हाय," काका म्हणाले. "धुराची बाजू जास्त तापते. तापली की फुगते. तिला जागा जास्त नको? मानूस तापला की आपन नाय जरा लांब उभं राहत?"

मी पुन्हा वाचलं. "असंच छापलंय, काका."

"म्हंजे चाळीस वर्सं मी उलटा?"

छापील इंग्रजीवर माझा शाळेपासून विश्वास आहे. पण काकांवरही आहे. पुस्तक घरी नेऊन मी ते शेवटपर्यंत चाळलं. अगदी शेवटच्या पानावर सगळ्या मापांचा तक्ता होता. त्यात हवेला दहा, धुराला पंधरा. आतल्या पानावर आकड्यांची अदलाबदल झाली होती.

मी धावत खाली गेले. मला वाटलं, काका ते पान सगळ्या सोसायटीला दाखवत फिरतील. त्यांनी तक्त्यावरून बोट फिरवलं आणि पुस्तक मिटलं.

"प्रशांतला सांगू नको."

"का?"

"कुठून शोधलं, छापून घेतलं, बांधून घेतलं. इंजिनातलं कायतरी पयल्यांदा पाठवलं त्यानं बापाला. लहानपनी यार्डात यायला लाजायचा, माझ्या कपड्यांना ऑइलचा वास म्हनून. आता त्याला सांगू, तुझं पुस्तक चुकलं?" मग हसून म्हणाले, "मी आपला गुपचूप धुराला पंधरा लावतो. तो म्हनंल पुस्तकानं झालं. म्हनू दे."

मी 'बरं' म्हटलं.

रविवारी प्रशांतदादा आला आणि चहासुद्धा न घेता पार्किंगमध्ये बसला. गाडी सुरू करण्याआधी त्याने स्वतः पत्त्या घालून पाहिल्या.

"हे काय, पप्पा? उलटं केलंत सगळं!"

"झालं असंल," काका म्हणाले.

दादाने पुस्तकातलं तेच आतलं पान बघून दोन्हीकडची फट बदलली. काका बॅटरी धरून उभे होते. उजेड थोडा हलत होता. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. दादा स्टेशनपर्यंत फेरी मारून आला आणि गेटमध्येच ती बंद पडली. तापलेली गाडी मग सुरू होईना. दहा-बारा किक मारून दादा घामाने निथळला.

"काय करून ठेवलंत हो हिला तुम्ही?"

"माझंच चुकलं असंल, बाबा. हात ऱ्हात नाय आता जाग्यावर." काकांनी उजवा हात खिशात घातला.

"म्हणूनच सांगतोय ना, पुरे आता. उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

"बोलव."

काका खाली बसले. एकेक पाना पुसून पेटीत ठेवू लागले. प्रत्येक पाना दोनदा पुसत होते. मी पुस्तकाकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा मान न उचलता त्यांनी बोट हलवलं. नको.

मी त्यांना शब्द दिला होता. तरी सीटवरचं पुस्तक उचललं, शेवटचं पान काढून प्रशांतदादासमोर धरलं. मी म्हणाले,

"दादा, हा तक्ता बघ. काकांनी बरोबर लावलं होतं. तुझ्या पुस्तकाला त्यांना नावं ठेवायची नव्हती, म्हणून ते गप्प आहेत."