चौदा नंबरची प्रगती

गुरुदत्त परुळेकरांनी वहीच्या शेवटच्या पानावर 'चौदा नंबर मोठ्या संघासाठी तयार आहे' असं लिहून खाली तारखेसह सही केली, तेव्हा बुधवारची सकाळ होती आणि त्यांचा रक्तदाब एकशेवीस-ऐंशी होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचे चार दिवस तो आकडा पुन्हा कुणाला दिसला नाही.

परुळेकर निवृत्तीपर्यंत डोंबिवली एमआयडीसीतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. व्हॉल्व्ह समोर आला की नंबर बघायचा, दोष शोधायचा, सही ठोकायची. तो कुठल्या कामगाराने बनवला हे चौतीस वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नाही. "नाव कळलं की माया येते, आणि माया आली की गळका व्हॉल्व्ह पास होतो," असं त्यांचं म्हणणं. निवृत्तीनंतर टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तर गॅलरीसमोर नेमकं काळूकाठ फुटबॉल क्लबचं मैदान. क्लबचा मोठा संघ दर रविवारी कल्याण-डोंबिवलीला खेळायला जायचा, कोच प्रफुल्ल भोईर त्यांच्याबरोबर टेम्पोत. मागे राखीव संघाची पोरं इथेच, कुणाचंच लक्ष नसलेल्या मॅचेस खेळायची. परुळेकरांना वाटलं, हा तर माल तपासणीविना चाललाय! त्यांनी जावयाची दुर्बीण आणि दोनशे पानी वही घेतली आणि गॅलरीत खुर्ची टाकली.

तीन वर्षं झाली. दुर्बीण कधी नंबरावरून वर चेहऱ्याकडे गेली नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

सगळ्या नंबरांत त्यांचा जीव जडला तो चौदा नंबरवर. (माया येते म्हणणाऱ्यांनाच ती जास्त येते, हे मी कशाला सांगू.) वहीतल्या नोंदीच वाचा ना. 'चौदा नंबर आजपासून डाव्या पायानेही मारतो. विलक्षण.' पुढच्या महिन्यात: 'उंची दोन इंच वाढली.' मग जानेवारीत: 'उंची तीन इंच कमी.' इथे दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. पण परुळेकरांचं आयुष्य धातूत गेलेलं. "थंडीत सगळंच आक्रसतं," ते विनिताकाकूंना म्हणाले होते.

"माणूस पण?" काकूंनी भाजी चिरता चिरता विचारलं होतं.

"वाढीच्या वयात शरीराचा भरवसा नसतो, विनिता."

एक नोंद मात्र तीन वर्षं न बदलता दर रविवारी होती. 'चौदा नंबर हात वर करून पास मागत नाही. स्वभाव अत्यंत नम्र.'

आणि आता मोठ्या संघातली एक जागा रिकामी झाली होती. रविवारी घरच्या मैदानावर स्पर्धेची अंतिम मॅच होती. प्रफुल्ल स्वतः चार मजले चढून आला, कारण लिफ्ट बंद होती.

"काका, सरावात सगळेच वाघ असतात. मॅचमध्ये कोण काय करतं ते मी बघितलेलंच नाय. तुमची वही बोलेल तो पोरगा घेतो."

परुळेकरांनी वही उघडून सही दाखवली. प्रफुल्ल खूश. "नाव काय त्याचं? बाजारातले दुकानदार आलेत, फ्लेक्स छापून देतो बोलतात."

"नाव मी बघत नाही. गेल्या रविवारी चौदा नंबर कोण होता ते विचार पोरांना."

झालं. हे एवढं एक वाक्य.

शुक्रवारी संध्याकाळी परुळेकर दूध आणायला निघाले, तर चौकात दहा फुटी फ्लेक्स. 'मोठ्या संघात निवड झाल्याबद्दल बंटी धोंडीबा गायकर याचे हार्दिक अभिनंदन!' मधोमध गॉगल लावलेला एक गुबगुबीत मुलगा, मागे निळ्या रंगात भलामोठा १४. खाली रिक्षा चालवणारे त्याचे वडील धोंडीबा येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढे वाटत होते. मुलगा फ्लेक्सच्या बांबूला टेकून उभा होता, आणि त्याचा चेहरा अभिनंदन झालेल्या माणसाचा नव्हता.

परुळेकरांच्या छातीत प्रेम दाटून आलं. तीन वर्षांनी समोरासमोर! ते पुढे झाले. "तूच ना रे तो चौदा नंबर?"

"हो काका. म्हणजे, त्या दिवशी."

"त्या दिवशी म्हणजे?"

"त्या दिवशी वाळलेला तोच एक होता ना."

"काय वाळलेला?"

"शर्ट." बंटीने इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला. "आमचे शर्ट सरांची आई धुते. मॅचच्या दिवशी जो वाळलेला असेल तो देते. मी तर महिन्यापूर्वी आलोय काका. मला मोठ्या संघात नको. बॉल माझ्याकडे यायला लागला ना, की पोटात गोळाच येतो. पण पप्पांनी पेढे आणले."

परुळेकर दूध न घेताच घरी आले. विनिताकाकूंनी रक्तदाबाचं यंत्र लावलं, आकडा बघितला आणि यंत्र झटकलं.

"विनिता," ते म्हणाले, "मी तीन वर्षं एका शर्टाची प्रगती लिहितोय."

 काकूंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागल्यावर परुळेकरांना वाटलं रडतायत.

"म्हणजे थंडीत आक्रसला तो?"

"हसू नको! चौतीस वर्षांत चुकीच्या मालावर माझी सही नाही. आता त्या बिचाऱ्याला हजार माणसांसमोर उभा करणार आणि खरा तयार झालेला मुलगा कुठेतरी बाहेर बसणार. माझ्या सहीने!"

"मग जा आणि सांगा की प्रफुल्लला."

त्या रात्री त्यांनी तीनदा चप्पल घातली आणि तीनदा काढली. शनिवारी सकाळी सहाला नेहमीप्रमाणे पार्किंगमधून धप्प, धप्प सुरू झालं. दुसऱ्या मजल्यावरचा कुणी कार्टा रोज पार्किंगच्या भिंतीवर बॉल मारायचा आणि तो आवाज बरोबर परुळेकरांच्या उशीखाली निघायचा. त्याच्याविरुद्ध सोसायटीकडे त्यांचे चार अर्ज होते: 'सदनिका क्र. २०४ मधील मुलास समज द्यावी.' तो लिफ्टमध्ये भेटला तरी परुळेकर वर बदलणारे आकडे बघत उभे राहायचे. आज त्यांच्यात पाचवा अर्ज लिहायचं बळ नव्हतं. चप्पल घालून ते थेट मैदानालगतच्या प्रफुल्लच्या घरी गेले.

प्रफुल्ल नव्हता. दारात दोरीवर वीसेक निळे शर्ट लटकत होते आणि त्यांच्यामध्ये त्याची आई, आवडाबाई, कमरेला पदर खोचून उभी होती. परुळेकरांनी उभ्याउभ्याच सगळं ओकून टाकलं.

आवडाबाईने सावकाश एक शर्ट ओढून पुढे धरला. "ह्यो तुमचा चौदा. काखंत फाटलेला हाय, बघा. म्हनून कुनी घेत नाय. जो उशिरा येल त्याच्या गल्यात."

परुळेकरांनी भोकात बोट घालून बघितलं. तीन वर्षांची नम्रता तिथे होती.

"किती मुलांनी घातला असेल?"

"दहा-अकरा तरी. त्यातला येक डावरा होता."

परुळेकर ओट्यावर बसले. "आवडाबाई, म्हणजे कोण तयार आहे ते कुणालाच माहीत नाही."

"कुनालाच नाय कसं? मना ठाव हाय." बाईने बादलीतून दोन न धुतलेले शर्ट काढले. "माझा बाप खाडीवं मिठागरात होता. मीठ कवा कसं बसतं ते मना शिकवाय नको. शर्ट काढून पोरं माझ्या हातात देतात. ह्यो बंटीचा. हुंगा. नुसती पावडर. आन् ह्यो बघा, पाठीवं." गडद निळ्यावर पांढऱ्या मिठाचा पट्टा उमटला होता, खांद्यापासून कमरेपर्यंत. "पयल्या वर्षी यवढंसं असायचं. मग अर्ध्या पाठीपर्यंत आलं. आता पुरी पाठ. जो शर्ट घालील त्याला ह्यो पोऱ्या मीठ लावतो. प्रीतम बोलतात त्याला."

परुळेकर त्या पट्ट्याकडे बघत राहिले. वाढीचा असा स्वच्छ आलेख त्यांच्या दोनशे पानांत कुठे नव्हता.

"मग हे तुम्ही प्रफुल्लला का नाही सांगितलं?"

"त्यानं विचारलं कुठं? त्याला वही पायजे." बाईने चौदा नंबर खांद्यावर टाकला. "तुमी वहीत काय लिवलंय? चौदा नंबर. बरं, तर चौदा नंबर कोन हाय ते ह्या दोरीवं ठरतं. उद्या या. आन् त्या बंटीला जेवायला माझ्याकडं धाडा."

रविवारी मैदानाला जत्रा भरल्यासारखी गर्दी. परुळेकर आयुष्यात पहिल्यांदा गॅलरी सोडून खाली दोरीपाशी उभे होते. शेजारी येऊन उभा राहिला तो नेमका धोंडीबा.

"काका, तुमचे लई उपकार! चष्मा रिक्षात राहिला बघा घाईत. पण मला काय, चौदा दिसलं की झालं."

परुळेकरांनी खिशातली गोळी पाण्याविना गिळली.

धोंडीबा पेढे वाटत पलीकडच्या गर्दीत गेला. शिट्टी वाजायला पाच मिनिटं उरली आणि प्रफुल्ल ओरडला, "चौदा नंबर कुठंय? बंटी!"

आवडाबाईच्या दारातून चौदा नंबर बाहेर आला. तो उंच होता, काटक होता आणि बंटी नव्हता.

"आई, हा प्रीतम कसा? बंटी कुठाय?"

"बंटीच्या पोटात गोला आलाय, आत निजलाय. तुला चौदा नंबर पायजे ना? ह्यो चौदा नंबर. काकांना विचार."

प्रफुल्ल वळला. मोठा संघ वळला. पंचही घड्याळ बघायचं सोडून वळला. परुळेकरांच्या कानात कारखान्याचा भोंगा वाजायला लागला. चौतीस वर्षांत एक खोटी सही नाही. त्यांनी शर्टाकडे बघितलं, मग मान हळूच वर नेऊन चेहऱ्याकडे. चेहरा घाबरलेला होता, जवळजवळ त्यांच्याइतकाच.

"आज चौदा नंबर हाच आहे," ते म्हणाले. ह्यात एक शब्द खोटा असेल तर दाखवा मला.

पुढचा दीड तास परुळेकरांनी कसा काढला ते त्यांना विचारू नका, आठवत नाही. समोरच्या संघाने आधीच गोल चढवला तेव्हा ते दोरीला धरून खाली बसले. चौदा नंबरने बरोबरी साधली तेव्हा परत आलेल्या धोंडीबाने त्यांना काखेत घालून उचललं. "बघा माझा बंट्या! घरी पाण्याचा तांब्या उचलत नाय, आणि इथं घोडा!" परुळेकर हवेतच "हो, हो" म्हणाले. दोन मिनिटं उरली असताना चौदा नंबरने उजवा हात सरळ वर करून पास मागितला. भोक जिथे होतं तिथे आता काळ्या दोऱ्याचे सहा टाके दिसले. बॉल आला, आणि जाळी हलली.

धोंडीबा दोरी ओलांडून धावला. त्याने चौदा नंबरला मिठी मारली, मुका घेतला, मग जरा मागे होऊन डोळे बारीक केले.

"हा कोण?"

"पप्पा, मी इकडं," आवडाबाईच्या दारातून बंटी म्हणाला. त्याच्या हातात तांदळाची भाकरी होती आणि महिन्यात पहिल्यांदा तो आनंदी दिसत होता.

"अरे, मग माझा फ्लेक्स?"

"तोंड बदला त्यावं," आवडाबाई म्हणाली. "नंबर तोच ऱ्हाऊ द्या."

प्रफुल्ल वही मागायला आला. "काका, आजपासून मोठ्या संघाची वही पण तुम्हीच ठेवायची. तुमची नजर म्हणजे नजर!" परुळेकरांनी तोंड उघडलं. शर्टाचं सगळं सांगायचं ठरवलं होतं. पण तेवढ्यात आवडाबाईने घामाने चिंब चौदा नंबर त्यांच्या हातात कोंबला. पाठीवर कडेने पांढरं उमटायला सुरुवात झाली होती.

"आता लिवा," ती म्हणाली.

परुळेकरांनी पेन काढलं. समोर प्रीतम उघडाच उभा होता, धापा टाकत.

"प्रीतम ना? शाबास. इतकी ताकद पायात आली कुठून रे? सराव कुठे करतोस?"

प्रीतमने ओशाळून डोकं खाजवलं. "काका, ओळखलं नाय का? मी दोनशे चार."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पार्किंगमधून धप्प, धप्प सुरू झालं. विनिताकाकूंनी पांघरुणातूनच विचारलं, "पाचवा अर्ज काढायचा का हो?"

 बाजूची उशी रिकामी होती. खालून मात्र धप्पच्या जोडीने एक ओळखीचा आवाज येत होता.

"डाव्या पायाने, प्रीतम! डाव्या! आणि जरा जोरात मार की. चौथ्या मजल्यावर नीट ऐकू येत नाही."