चिंचवेढे येथील गलोलबंदीच्या मसलतीची हकीकत

श्रीभैरवनाथाचे कृपेंकरून, शके १९१५ श्रीमुखनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं, मौजे चिंचवेढे, तालुके कर्जत, येथें बेकायदा शस्त्रांचे व्यापारावर जी मोहीम जाहली, तियेची हकीकत जैसी घडली तैसी, कोणाची भीड न धरितां लिहिली असे. भीड धरावयास गांव समर्थ आहे.

राजमान्य राजश्री यज्ञेश्वरपंत, निवृत्त मुख्याध्यापक, सकाळीं ओसरीवर रेडिओ ऐकत असतां कोणा पोराचे गलोलीचा खडा सुटला, तो चष्म्यावर आदळला आणि डावी काडी मोडोन पडली. ते समयीं बातमी चालली होती कीं, थोर राष्ट्रें एकत्र बैसोन चोरटीं शस्त्रें पुरविणारांवर निर्बंध घालितात. पंतांचे मनांत आलें, पोरांस झोडपोन काय होणें? पुरवठाच तोडावा! मग सरपंचांस अर्ज गेला, आणि शेजारील दोन गांवांचे कारभारी पाचारण होऊन चावडीवर तिन्ही राष्ट्रांची सभा भरली.

आतां मसलत हीच कीं, निर्बंध कोणावर? गलोलीचें रबर रंगनाथाचे पंक्चरचे दुकानांतून येतें, हें शेंबडें पोरही जाणे. परंतु रंगनाथ सरपंचांचे खासे मेहुणे. दुबेळकें लांकूड गोरक्षनाथ पाटलांचे बाभुळबनांतलें, आणि पाटील समोरच बसले होते, आणि शेजारचे कारभारी त्यांचे व्याही. चावडीची रीत ऐसी कीं, पाव्हण्याचें नांव पाव्हण्यासमक्ष घेऊं नये. ऐसियास हरएकजण हरएकाचा पाव्हणा निघाला, आणि चहा तीनदां जाहला, आणि नांव एकही निघेना. पंतांनीं रबराचा विषय काढिला, तों सरपंच खाकरले, आणि पंतांनीं तो विषय चहाबरोबर गिळिला. वाहवा रे बहाद्दर!

शेवटीं कोणी बोलिलें, गलोल बांधावयास दोरा लागतो. दोरा कोण विकतें? मिरजगांवाहून येणारी छबूबाई, सुया-बटणें-दोरे पाटींत घेऊन चावडीसमोर बसणारी, सभेंत जिचा सोयरा ना धायरा. सर्वांचे जीव भांड्यांत पडले! एकमतें हुकूम सुटला कीं, सदरहू बाईनें तिन्ही गांवांचे हद्दींत विक्री करूं नये. कोतवालानें हुकूम ऐकविला, तेव्हां बाई पंतांस इतकेंच बोलिली, "गुरुजी, रबर कुठनं येतं ते तुमास्नी ठावं हाय. मंग माज्याच पोटावर पाय का?" पंतांनीं मोडकी काडी कानाशीं धरोन जमिनीकडे पाहिलें. लाज वाटली, फार वाटली.

मग बाईनें पाटी उचलिली आणि ओढ्याचे कोरड्या वाळूंत मांडिली, जी वाळू तिन्ही गांवें आपली म्हणत नाहींत. बाजाराचे दिवशीं बाया झुंडीनें ओढ्यांत उतरल्या, सरपंचीणबाई आघाडीस. हद्दींत मात्र एक सुई विकली गेली नाहीं, सबब निर्बंध सोळा आणे यशस्वी ठरले.

पौष शुद्ध पंचमीस फत्तेची सभा भरली. विजयपत्र वाचण्याचा मान पंतांस. ते उभे राहिले, तों चष्म्याची काडी काळ्या दोऱ्यानें घट्ट गुंडाळिली होती. तो दोरा त्यांचे कुटुंब विजयाबाई यांनीं आदले दिवशीं ओढ्यांतून आणिला होता. त्याच चष्म्यांतून पाहोन पंतांनीं खणखणीत वाचिलें कीं, चोरट्या शस्त्रांचा पुरवठा समूळ तुटला. टाळ्या जाहल्या, सर्वांत मोठ्या रंगनाथाच्या.

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली, दप्तरीं दाखल असे. चावडीसमोरील छबूबाईची जागा मोकळी पडली होती. तेथें रंगनाथानें जुन्या ट्यूबा रचिल्या.