सगळ्यांचा उपवास

वाळूजच्या एका कारखान्यातल्या कँटीनसाठी सुदर्शनने ॲप बनवलं होतं, आणि त्यात चूक असेल हे त्याला स्वप्नातही पटलं नसतं. उद्या उपवास आहे का, एवढंच ते प्रत्येकाला विचारायचं. त्यावरून कँटीनच्या स्वयंपाकीण वच्छलाबाई रात्री साबुदाणा भिजवणार. ॲप नीट चाललं, तर सुदर्शनची नोकरी कायम होणार होती.

एकादशीला कँटीनमध्ये नुसती खिचडीच खिचडी.

"समद्या कारखान्याला उपास हाय व्हय रं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"ॲप खोटं बोलत नाय, मावशी."

तेवढ्यात मशीनवरचे करीमचाचा ताट घेऊन आले. "मियां, अपना रोजा बी नै, उपास बी नै. फिर ये क्या? मी 'नाही' दाबलं होतं!"

"मी पण," मागून मॅनेजर बद्रीनाथसाहेब गरजले. "मला शुगर हाय. पुढच्या एकादशीला पुन्हा असं झालं, तर ॲप बी घरी अन् तू बी घरी!"

भुकेपोटी सगळ्यांनी खिचडीच खाल्ली. ताटात शेंगदाणाही उरला नाही, पण सुदर्शनचं तिकडे लक्ष कुठे होतं?

उस्मानपुऱ्यातल्या खोलीवर जाऊन त्याने चूक शोधली आणि कपाळावर हात मारला. ॲप प्रत्येकाचं उत्तर एका डबीत घालून ठेवायचं. पण सुदर्शनच्या कोडने डबी आहे का तेवढंच बघितलं, उघडून आत काय आहे ते बघितलंच नाही. 'नाही'चीही डबी असतेच की! त्यामुळे ज्याने उत्तर दिलं, तो उपवासाला बसला. चाचणीला सुदर्शनने स्वतःचं उत्तर दिलं होतं, आणि हा पक्का एकादशीवाला. त्याला मनापासून लाज वाटली. आता डबी उघडायची सोय केली, 'हो' आणि 'नाही' दोन्ही देऊन तपासलं, आणि गडी पुन्हा छाती काढून चालू लागला.

पुढच्या एकादशीच्या आदल्या संध्याकाळी ॲपने सांगितलं, सगळ्यांचा उपवास. करीमचाचांचासुद्धा!

सुदर्शन लगेच लॅपटॉप उघडून बसला. पुन्हा पुन्हा तपासलं, चूक काही सापडेना. पण आता तो फसणार नव्हता.

"मावशी, ॲप गंडलंय. साबुदाणा भिजवू नका. भाकरीच टाका."

"नक्की ना रं?"

"शंभर टक्के!"

दुसऱ्या दिवशी करीमचाचांनी भाकरी उलटून पालटून बघितली. "खिचडी किधर है?"

"चाचा, तुम्हाला कुठं उपास असतो?"

"मागच्या टायमाला बाईंची खिचडी खाल्ली, तवाच समद्यांनी ठरवलं. मैंने 'हो' दबाया, दिल से!"

मागे बद्रीनाथसाहेब रिकामं ताट घेऊन उभे होते. "मी पण आज शुगरला सुट्टी दिली होती," ते खिन्नपणे म्हणाले. "म्हणजे ॲप बरोबरच होतं. ॲपला कायम करू. तुझं मात्र बघावं लागंल."